जुन्या गाडीचं ओरिजिनल रूप शोधायचं कसं? बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या गाडीवाल्यांसाठी

आपल्या भागात जुन्या गाड्या अजून बऱ्याच पडून आहेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं, चिकोडी-संकेश्वरकडं मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली फियाट नाहीतर अँबॅसडर, खानापूरकडं जीप, कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यात स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड. आणि होतं काय, गाडी हातात आली की माणूस दुसऱ्या दिवशी टिंकरकडं नेऊन उभी करतो, पत्रा मोकळा होतो, जुना रंग खरवडला जातो, आणि मग कुणीतरी विचारतं की ओरिजिनल कलर कुठला होता हो? आता कुठनं सांगायचा, तो तर वॉटर पेपरच्या पाण्याबरोबर गटारीत गेला.

म्हणून हा लेख पाना उचलायच्या आधीच्या कामाबद्दल आहे. हे काम फुकट आहे, फक्त वेळ खातं, आणि पुढं चुकीच्या सामानावर जाणारे पैसे वाचवतं. उदाहरणं मी फियाट, अँबॅसडर, हेरल्ड आणि जीप यांचीच घेतो कारण आपल्याकडं सापडतात त्या ह्याच, पण पद्धत कुठल्याही गाडीला चालते.

आधी ठरवा, ओरिजिनल म्हणजे कुठलं

बहुतेक लोक इथंच घसरतात. फियाट म्हटलं की इटलीचे फोटो बघायचे, अँबॅसडर म्हटलं की इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं मॅन्युअल डाउनलोड करायचं, आणि त्याबरहुकूम गाडी करायची. अहो पण तुमची गाडी तिकडं बनलीच नव्हती की. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची कुर्ल्याला, हिंदुस्तान मोटर्सची कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला, स्टँडर्डची मद्रासला. त्या गेटातून ती जशी बाहेर पडली ते तिचं ओरिजिनल.

फरक किती असतो बघा. इटलीत १९६२ ला आलेल्या फियाट ११०० डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडं १९६४ पासून आलेल्या प्रीमियरच्या डिलाईटमध्ये आणि नंतरच्या पद्मिनीत १०८९ सीसीचंच राहिलं. इटलीत १९६६ ला ११०० आर आली, तिला पुढं डिस्क ब्रेक होते, आपल्या डिलाईटला ड्रम. म्हणजे तिकडनं महागाचं ब्रेकचं सामान मागवून गाडी ओरिजिनल होत नाही, उलट लांब जाते. ऑक्सफर्डला इंग्लंडात ओव्हरहेड व्हॉल्व्हचं १४८९ सीसी इंजिन होतं म्हणून आपली पहिली अँबॅसडर पण तशीच असणार असं वाटतं, पण तिला सुरुवातीला जुनं साईड व्हॉल्व्हचं १४७६ सीसी होतं, १४८९ वालं १९५९ मध्ये आलं. हेरल्ड सलून तर इंग्लंडात दोनच दारांची, चार दारांची हेरल्ड ही मद्रासची करामत. परदेशी पुस्तकात तिची मागची दारं तुम्हाला सापडणारच नाहीत.

त्यात लायसन्स राजचा काळ, आयातीवर बंधनं, आज एका सप्लायरचा पार्ट तर चार महिन्यांनी दुसऱ्याचा. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत वेगळे स्विच, वेगळे लॅम्प असू शकतात आणि दोन्ही कारखान्यातूनच आलेले. त्यामुळं "१९६८ च्या फियाटला असंच असतं" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा चार हात लांब.

गाडी हलवायच्या आधी फोटो

गाडी जिथं जशी सापडली तशीच, धूळ न पुसता, आधी फोटो काढा. मग धुवून परत. बाहेरून आठही बाजूंनी, मग बोनेटच्या आत, डॅशबोर्डच्या खालून वर, सीट उचलून, डिकीतला गालिचा उचलून, दारं उघडून बिजागऱ्या, आणि रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून. प्रत्येक फोटोत डावं की उजवं ते कळलं पाहिजे, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोत ठेवा. आत्ता हसाल, पण सहा महिन्यांनी पिशवीतून दोन क्लिपा निघतात तेव्हा ही चिठ्ठीच कामाला येते.

नळ्या आणि वायरी कुठून कशा वळल्यात, क्लिप कुठं मारलीय, रबराची वायसर कुठल्या बाजूला, बोल्टचं डोकं आत की बाहेर, वायपर बंद असताना कुठल्या बाजूला झोपतात, असल्या बारीक गोष्टी कुठल्याच पुस्तकात नीट नसतात, त्यांचे जवळून फोटो हवेत. उघडताना प्रत्येक थर निघाला की परत फोटो. सगळं एकदम उघडून मग फोटो काढायला बसलात तर निम्मी माहिती गेली. आणि भंगारात काहीही टाकायचं नाही. सडलेलं रबर, फाटलेलं रेक्झिन, मोडकी क्लिप, सगळं लेबल लावून ठेवायचं. घरचे ओरडतील, ओरडू देत.

नंबर आणि कागद

आपल्याकडं ह्या कामाला एक वेगळाच तिढा आहे, कारण गाडी जागच्या जागी उभी होती आणि राज्य बदललं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं. त्यात शेजारी कोल्हापूर, सांगली, जमखंडी अशी संस्थानं, त्यांच्या स्वतःच्या गाड्या, स्वतःचे नंबर, ती १९४८-४९ ला विलीन झाली. आणि पलीकडं गोवा, जो १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा. त्यामुळं जुन्या पाटीवरची अक्षरं म्हणजे गाडीचं जन्मगावच. बी एम असेल तर मुंबई राज्याचा काळ, एम वाय असेल तर म्हैसूर, सी ए असेल तर नंतरचं कर्नाटक, जी डी असेल तर गोवा. के ए २२ किंवा २३ असली पाटी ही १९८९ च्या जुलैनंतरच्या पद्धतीची, म्हणजे १९६५ च्या गाडीवर ती दिसली तर एक तर नंबर बदलून घेतलाय किंवा गाडी बाहेरून एनओसी घेऊन आलीय. मग आधीचा नंबर शोधायचा. डिकीच्या झाकणाच्या आत, पाटीच्या मागं, कधी काचेवर कोरलेला, नाहीतर जुन्या इन्शुरन्सच्या कागदावर मिळून जातो.

जुनं आरसी बुक मिळालं तर सोनं. त्यात रंग, मेक, बनावटीचं वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालकांची साखळी, आणि शेरे असतात. शेरेच नीट वाचा. इंजिन बदललं, रंग बदलला, पेट्रोलचं डिझेल केलं, टॅक्सीची प्रायव्हेट केली, हे कायद्यानं नोंदवायला लागतं, सगळे नोंदवत नाहीत ते सोडा, पण ज्यांनी नोंदवलंय त्यांनी तुमचं काम सोपं करून ठेवलंय. आरसी नसेल तर मालकानं आरटीओत बी एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीच्या उताऱ्याचा, अर्ज करायचा. गाडी बेळगावहून चिकोडी, गोकाक किंवा बैलहोंगल आरटीओकडं गेली असेल तर कुठलं रजिस्टर कुठं आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटे. जुन्या नोंदी बऱ्याचशा इंग्रजीत, नंतरचे शेरे कन्नडमध्ये, वाचता येत नसेल तर सरळ तिथल्या माणसाला विनंती करा, अण्णा म्हणून बोललं की कुणी नाही म्हणत नाही.

मग गाडीवरचे नंबर. बोनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची) पाटी, चेसिसवर ठोकलेला नंबर, इंजिन ब्लॉकवरचा नंबर. इन्शुरन्सवाले करतात तशी पेन्सिल छाप घ्या, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. डोळ्याला दिसत नाही ते छापेत दिसतं, एखादा आकडा वेगळ्या वळणाचा आहे, ओळ वाकडी आहे, बाजूला ग्राइंडर फिरलाय. असं काही दिसलं आणि गाडी अजून घेतलेली नसेल तर घेऊच नका. आणि नंबर गंजलाय म्हणून तो परत ठोकून घ्यायचा उद्योग कधीही करू नका, तो थेट पोलीस केसचा मामला होतो.

जीपवाल्यांसाठी थोडं वेगळं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप दोन कंपन्यांनी बनवल्या, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, आणि आपल्याकडं दोन्हींचे पार्ट ऐंशी वर्षं एकमेकांत मिसळलेत. चेसिसचा पुढचा आडवा दांडा, रेडिएटरच्या खाली, गोल पाइपचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराच्या चॅनेलचा असेल तर फोर्ड. फोर्डच्या बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर एफ असतं. चेसिस फोर्डची, बॉडी विलीजची आणि इंजिन तिसरंच, असली जीप आपल्याकडं सर्रास, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आपल्याकडं काय आहे ते माहीत हवं. लष्कराच्या लिलावातून आलेली असेल तर रंगाच्या खाली जुना लष्करी नंबर सापडू शकतो. आपल्या आर्मीच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण आणि त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडी खरेदी केल्याचं वर्ष.

रंग, म्हणजे खरी गंमत

रंगाला घाई नको. आरसीवर नुसतं "ग्रे" लिहिलेलं असतं, आता ग्रे म्हणजे पन्नास प्रकारचे. खरा पुरावा गाडीतच असतो, ज्या जागी पेंटरचा हात आणि ऊन दोन्ही पोचलं नाही तिथं. ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागं, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, मागच्या सीटखाली, दाराच्या पॅडमागं, टेल लॅम्पच्या रबर गॅस्केटखाली, मोनोग्रामच्या (कंपनीच्या नावाच्या बिल्ल्याच्या) खाली, डिकीच्या बिजागरीत. गॅस्केट काढलं की त्याच्या आकाराचा कोरा तुकडा दिसतो, तो बघितल्यावर बाहेरचा रंग आणि हा रंग एकाच गाडीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

मग थर बघायचे. बाहेरच्या पत्र्यावर, शक्यतो दाराच्या खांबावर, एका रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, आणि बोटानं गोल गोल घासत मधोमध पत्र्यापर्यंत जायचं, मग ८००, मग १२००, शेवटी २०००, प्रत्येक वेळी गोल थोडं मोठं करत. कडा उतरती झाली पाहिजे. नीट जमलं की एकात एक कडी दिसतात, मधे चकचकीत पत्रा, त्याच्या बाहेर लालसर किंवा करडा प्रायमर, मग पहिला रंग, मग परत प्रायमर, कधी लांबीचा (पुट्टीचा) पिवळट थर, मग दुसरा रंग, तिसरा. पत्र्याकडून मोजत या. पहिल्या प्रायमरला चिकटलेला पहिला रंग तो कारखान्याचा, पण जर त्या जागी पत्र्यावरच लांबी असेल तर तिथं ठोकाठोकी झालीय, जागा बदला. निदान चार वेगवेगळ्या पत्र्यांवर करा, कारण मडगार्ड किंवा दार दुसऱ्या गाडीचं असू शकतं, आणि तसं असेल तर त्याच्या कड्या वेगळ्याच निघतात. गाडीचा सगळा इतिहास कळतो यातनं, कुठली बाजू कधी ठोकली ते सुद्धा.

एक सांभाळा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही, मास्क लावा, पोरंबाळं लांब. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथं एअर मारून फुंकर घालायची सवय आपल्या गॅरेजांत आहे, ती नको.

पुढचा प्रश्न रंग कुठल्या जातीचा. कापडाला थिनर लावून कोपऱ्यात चोळा. कापडावर रंग उतरला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), ज्याला आपण डुको म्हणतो. सुरकुत्या पडल्या, फुगला, पण विरघळला नाही तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर अलीकडचा हार्डनर मिसळून मारायचा टू के, म्हणजे कारखान्याचा नक्कीच नाही. जुन्या गाडीला आजचा काचेसारखा चमकणारा क्लिअर कोट मारला की लांबूनच कळतं, माझ्या मते सगळ्यात जास्त गाड्या इथंच बिघडतात, पण पेंटरला समजावणं अवघड, त्याला चमक हीच कामाची पावती वाटते.

रंग जुळवायला पेंटच्या दुकानात मशीनवर धरून फॉर्म्युला काढून देतात. तुकडा धरायच्या आधी कंपाउंड मारून वरची मेलेली पापुद्री काढा. मशीननं काढलेला रंग पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडं धरून बघा, ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसतो. अजून एक बारकावा, पांढरा आणि क्रीम सिंथेटिक अंधारात राहिला की पिवळट पडतो. म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या मागं सापडलेला क्रीम हा मूळ रंगापेक्षा जास्त पिवळा असू शकतो, तो तुकडा काही दिवस उजेडात ठेवा, थोडा परत येतो, मग मॅच करा.

सामानावरच्या तारखा

इलेक्ट्रिकचं सामान फार बोलकं असतं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, वायपर मोटर अशा सामानावर मॉडेल आणि पार्ट नंबरच्या जवळ महिना-वर्ष ठोकलेलं असतं, म्हणजे ९ ६३ असेल तर सप्टेंबर १९६३. रॉकेलनं पुसा, टूथब्रशनं घासा, तिरका टॉर्च मारा, आकडे वर येतात. गाडी बनायच्या थोडं आधीची तारीख असेल तर तो पार्ट बहुतेक गाडीबरोबरचाच. गाडीनंतरची असेल तर बदललेला, वाद नाही. आणि लुकास टीव्हीएस १९६१ ला सुरू झाली, तेव्हा १९५८ च्या गाडीवर तिचं नाव असलेला पार्ट ओरिजिनल म्हणून कुणी विकत असेल तर चहा पिऊन परत या.

काचांवरचे शिक्के बघा. पाच काचांवर एक शिक्का आणि पुढच्या मोठ्या काचेवर दुसरा असेल तर पुढची फुटून बदललीय. मीटर मैलांचा की किलोमीटरचा ते बघा, १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक हळूहळू लागू झालं, त्यामुळं त्याच्या आधीच्या गाडीत किलोमीटरचा मीटर दिसला तर शंका घ्या. टायरची साइज पण लिहून ठेवा, डिलाईट-पद्मिनीला ५.२० x १४ आणि अँबॅसडरला ५.९० x १५, आज बऱ्याच गाड्यांवर रेडियल चढवलेत आणि त्यासाठी रिम सुद्धा बदललेत, ते लगेच लक्षात येत नाही.

बोल्टांचे आटे मोजायला पिच गेज घ्या. फियाटला मेट्रिक, ब्रिटिश डिझाईनच्या गाड्यांना काळाप्रमाणं व्हिटवर्थ, बीएसएफ किंवा यूएनएफ. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा आटा ५५ अंशाचा, यूएनएफ आणि मेट्रिकचा ६०, त्यामुळं जवळपास बसतोय म्हणून चढवलेला बोल्ट आटा खाऊन जातो. उद्यमबागेत कुठलाही बोल्ट लेथवर करून मिळेल, बेळगावसारखी सोय दुसरीकडं कमीच, पण नमुन्याला गाडीचा जुना बोल्ट द्या आणि डोक्यावरची खूण, लांबी, बिनआट्याचा भाग किती, हे सगळं सांगा. नुसतं "असलाच एक करा" म्हणाल तर बसणारा बोल्ट मिळेल, दिसणारा मिळणार नाही.

वायरिंग ब्रिटिश घराण्यातलं असेल तर लुकासचे रंग ठरलेले. तपकिरी बॅटरीची थेट, पांढरी इग्निशन, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून, लाल साईड लॅम्प, निळी हेडलाइट, काळी अर्थ. जुनी हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, सुती वेष्टणाची असते, वरचा रंग मळून काळा झालेला असतो, पण क्लिपच्या खाली किंवा टेप सोडवल्यावर आत मूळ रंग दिसतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायचा, बॅटरी जोडायच्या आधी आपल्या गाडीचं तपासा, वायरमननं मधल्या काळात उलटं केलेलं असू शकतं.

सीट, पॅड, छत

कव्हरवर कव्हर चढवायची आपल्याकडं पद्धतच आहे, म्हणून मूळ रेक्झिन बऱ्याचदा खाली शाबूत असतं. सीट पालथी करा, फ्रेमला जिथं कापड दुमडून अडकवलंय तिथं बघा. तिथला दोन बोटांचा तुकडा जपून ठेवा, रंग, दाणा, मागचं कापड, पायपिंगची जाडी, आणि एका इंचात टाके किती ते लिहा. दाराच्या पॅडच्या मागच्या पुठ्ठ्यावर कधी कारखान्याच्या खडूच्या किंवा शिक्क्याच्या खुणा असतात. कुशनवाल्याला जुना पीस दिल्याशिवाय काम सांगू नका, एवढंच.

पुस्तकं, जाहिराती, लग्नाचे अल्बम

तीन प्रकारची पुस्तकं असतात आणि लोक गल्लत करतात. ओनर्स हँडबुक मालकासाठी, त्यात टायरची हवा, तेल, स्विच कुठला कशाचा. वर्कशॉप मॅन्युअल मेकॅनिकसाठी, त्यात मापं आणि उघडायची रीत. आपल्या कामाला सगळ्यात मोलाचं पार्ट्स कॅटलॉग, कारण त्यात प्रत्येक वस्तू सुटी करून काढलेली असते आणि कुठल्या चेसिस नंबरपासून पार्ट बदलला ते दिलेलं असतं. तेही भारतीय कंपनीनं छापलेलं हवं. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर, पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात मिळतात, किंमत ऐकून घाबरू नका, फोटो काढू देतात का विचारा.

जाहिरातींसाठी आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा, १८४८ पासूनची संस्था आहे, जुन्या मासिकांच्या बांधीव फायली बघायला मिळतील का विचारा. जाहिरातीचा उपयोग वर्ष, मॉडेलचं नाव आणि नवीन म्हणून काय मिरवलंय ते कळायला. चित्रावर भरवसा नको, ते बऱ्याचदा चित्रकारानं काढलेलं, गाडी लांब आणि माणसं बारीक.

घरचे फोटो मात्र खरे. लग्नाची वरात, नवीन गाडीची पूजा, खंडेनवमीला हार घातलेली गाडी, गोकाकच्या धबधब्यावर सहल. ब्लॅक अँड व्हाईट फोटोवरून रंग ओळखायच्या फंदात पडू नका, लाल आणि हिरवा तिथं सारखेच दिसतात. त्याऐवजी नंबर पाटी, व्हील कॅप, बंपरवरचे उभे ठोकळे, आरसा आहे का आणि कुठं, जाळीच्या पट्ट्या किती, टायरला पांढरी पट्टी आहे का, हे बघा. फोटोच्या मागं तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असतो. मोबाईलनं फोटोचा फोटो नको, स्कॅन करा, हाय रिझोल्यूशनला मोठं केलं की मोनोग्राम वाचता येतो.

माणसं

जुने ड्रायव्हर, टिंकर, कुशनवाले, साखर कारखान्यातले, मिलमधले गाडीवरचे लोक. वेळ कमी आहे, ही माणसं सत्तर-ऐंशीच्या पुढची आहेत, त्यामुळं सगळ्यात आधी हेच उरका. पण विचारायची एक रीत आहे. "मामा, गाडी निळीच होती ना?" असं विचारलं की मामा हो म्हणणारच, पाहुण्याचं मन कशाला मोडा. त्यापेक्षा शेडकार्ड पुढं ठेवा आणि गप्प बसा. किंवा हाताच्या सवयीचं विचारा, स्टार्ट कसं करायचात, चोक कुठल्या हाताला, डिपर पायाला होता की हाताला, पावसात काय त्रास द्यायची. डोळ्याची आठवण फसवते, हाताची फारशी नाही. असं बोलता बोलता एखादा ड्रायव्हर सहज म्हणून जातो, "अवो ती पांढरी कुठली, सायीच्या रंगाची होती, मालकांनी पोरीच्या लग्नाला पांढरी मारून घेतली," आणि तुमच्या दोन कड्यांचा हिशोब जागेवर लागतो. गोकाक, अथणीकडं कन्नड येणारा कुणीतरी बरोबर घ्या, मोडक्या भाषेत बारकावे निसटतात.

अथणी-रायबागकडचं अजून एक. तिकडं पाऊस कमी, त्यामुळं गाड्यांचे फ्लोअर आणि खालचे पत्रे टिकलेले असतात. खानापूरच्या पावसात राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा बहुतेक वेळा दोनदा बदललेला. तुमच्या गाडीचं खालचं ओरिजिनल काही उरलं नसेल तर त्याच मॉडेलची, जवळच्या चेसिस नंबरची, कोरड्या भागातली न सुधारलेली गाडी शोधा आणि तिचे फोटो घ्या. न सुधारलेली, हे महत्त्वाचं. रॅलीत बक्षीस मिळवलेली चकाचक गाडी हा पुरावा धरू नका, तिच्या मालकानं कुठनं बघून केलं ते तुम्हाला माहीत नसतं. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते ती जरूर बघा, धर्मस्थळाच्या संग्रहातल्या गाड्याही बघा, डोळा तयार होतो.

वही

हे सगळं एका वहीत किंवा एक्सेल शीटमध्ये उतरवा. वस्तू, काय सापडलं, कशावरून, आणि किती खात्री. खात्रीला तीनच शब्द पुरे, नक्की, बहुतेक, माहीत नाही. दोन पुरावे भांडले तर क्रम असा लावा, आधी गाडीवरची खूण, मग भारतीय पार्ट्स कॅटलॉग, मग तारखेचा कागद किंवा फोटो, मग माणसाची आठवण, आणि इंटरनेट सगळ्यात शेवटी.

गाडी पूर्ण तयार होऊन बाहेरून आयात झालेली असेल, गोव्याकडनं आलेल्या काही असतात तशी, तर कंपनीचे जुने रेकॉर्ड कामाला येतात. मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ अशा ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडात गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडनं हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात बनल्याची तारीख, रंग, कुठं पाठवली ते असतं. मर्सिडीजचं डेटा कार्ड असतं. फी लागते. पण भारतात जोडलेल्या, भारतात रंगवलेल्या गाडीचा रंग तिकडच्या रजिस्टरात शोधू नका.

नोंदणी, आणि जे कळलंच नाही त्याचं काय

जुलै २०२१ ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नवीन नोंदणीला व्हीए मालिकेचा नंबर. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. अर्ज फॉर्म २० वर, बरोबर इन्शुरन्स आणि जुनं आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मग ती चालवता येत नाही, तेव्हा रोज बाजारात न्यायची असेल तर विचार करा. तपासणीच्या वेळी ती वही आणि उघडायच्या आधीचे फोटो बरोबर न्या, इंजिन तेच आहे हे तोंडी सांगण्यापेक्षा पेन्सिल छाप पुढं ठेवलेली बरी.

आणि सगळं शोधूनही चार-पाच गोष्टी "माहीत नाही" मध्ये राहतातच. आरसा होता की नाही, बीडिंग कुठल्या रंगाचं, मागचा मोनोग्राम कुठं होता. तिथं अंदाजानं पत्र्याला भोक पाडू नका. जे नंतर काढता येईल असंच बसवा, क्लॅम्पचा आरसा लावा, मोनोग्राम डबीत ठेवून द्या, आणि त्या मॉडेलची दुसरी अनटच गाडी कुठं निघतेय का याकडं कान ठेवा, गुजरीवाल्याला नंबर देऊन ठेवलात तर तो स्वतः फोन करतो.